साडेसात हजारांचा नकाशा आणि नदीपलीकडची डुकरं

आमच्या फार्मवर रोग शिरला तर किती डुकरं जातील, हा प्रश्न आम्ही साडेसात हजार रुपये मोजून विचारला. उत्तर आलं, ७२ टक्के. सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मरनार किती ते सांगायला पैसं घेतलं व्हय त्यानं? आमच्या वेळंला जोतिषी सव्वा रुपयात सांगायचा, आन् वर तोडगा बी द्यायचा."

तर फार्मचा रोगधोका गणितानं काढून देणाऱ्या त्या सेवेचा हा आढावा. चालवणारी पोरं कोल्हापुरातलीच आहेत, शिकलेली आहेत, आणि मी सांगितलेल्या चुका सुधारू म्हणालीत. म्हणून नाव लिहीत नाही. पैसे आमचे स्वतःचे गेलेत, सवलत एक रुपयाची मिळालेली नाही.

माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी शिवाजी विद्यापीठातून गणितात एम.एस्सी. केलं आणि लग्न होऊन करवीर तालुक्यात डुकरांत आले. माहेरी अजून "फार्म आहे" एवढंच सांगतात, कसला ते सांगत नाहीत. १४ माद्या आहेत, मोठ्या शेडमध्ये वाढीची ६० डुकरं सहा कप्प्यांत दहा-दहा, आणि पिल्लं असतील तेवढी. जात यॉर्कशायर क्रॉस, म्हणजे संकरित. माल बहुतेक गोव्याला जातो. हिशोब, लसीच्या तारखा आणि व्यापाऱ्याशी भांडण ही तीन खाती माझ्याकडं. बाकीचं मालक बघतात.

हे घ्यायचं कारण म्हणजे आफ्रिकन स्वाइन फीव्हर. १९२१ साली केनियात या रोगाचं पहिलं वर्णन झालं, २००७ मध्ये तो जॉर्जियात उतरला, २०१८ मध्ये चीनमध्ये आणि २०२० मध्ये आपल्याकडं आसाम-अरुणाचलात. माणसाला होत नाही, पण डुक्कर बहुतेक वाचत नाही. औषध नाही, आणि आपल्याकडं टोचायला लसही नाही. साध्या स्वाइन फीव्हरची लस असते, ती आम्ही टोचतो, पण ती या रोगाला चालत नाही. नावं सारखी असल्यानं निम्म्या लोकांचा इथंच घोळ होतो. शिवाय नियम असा की रोग पक्का झाला की त्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारायची आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची. म्हणजे शेजाऱ्याच्या शेडात काय चाललंय यावर आमचं पोट. तेव्हा व्हॉट्सॲपवर "गणिती मॉडेलद्वारे तुमच्या फार्मचा रोगधोका जाणून घ्या" अशी जाहिरात आली आणि माझ्यातली एम.एस्सी. जागी झाली.

नऊला येतो म्हणालेला मुलगा अकराला आला. त्याचं काही नाही, कोल्हापुरात नऊ म्हणजे अकराच. पण तो गेटातून सरळ शेडकडं निघाला, पायात सँडल. मी विचारलं, सकाळपासून कुठं होता? "एक फार्म उरकूनच आलो वहिनी, हातकणंगले साईडला." रोग एका फार्मवरून दुसऱ्यावर कसा जातो याचं गणित विकणारा माणूस, आणि सँडलला दुसऱ्या फार्मचा शेण-चिखल तसाच! त्याला नळावर पाय धुवायला लावले, मालकांचे गमबूट दिले, चुन्याच्या फक्कीवरून चालवलं. बिचारा ओशाळला. गमबूट दोन नंबरांनी मोठे होते, त्यामुळं पुढचे तीन तास तो बदकासारखा हिंडत होता. मी त्याला "तुमच्या मॉडेलमध्ये सल्लागाराच्या सँडलला कोणता बीटा, म्हणजे संसर्गाचा वेग, धरलाय?" असं विचारल्यापासून मात्र तो मला वहिनी सोडून मॅडम म्हणायला लागला.

आता चांगलं काय ते. त्यांची प्रश्नावली. ४६ प्रश्न, आणि त्यातले वीसेक खरोखर डोकं लावून काढलेले. गेल्या ३० दिवसांत फार्मवर कोण कोण आलं? कशानं आलं? त्याआधी कुठं गेलं होतं? शेडच्या आत गेलं की गेटवर थांबलं? आम्ही म्हणालो, आमच्याकडं कोण येतंय, आम्ही दोघं आणि एक गडी. मग मोजायला बसलो. व्यापाऱ्याचा टेम्पो चार वेळा. मार्केट यार्डावरून भुसा-पेंड तीन वेळा. खत न्यायला ट्रॅक्टर दोन वेळा, आणि तो आत पार शेडला टेकून लागतो. डॉक्टर दोनदा. लाईट बिलाचं रीडिंग घेणारा. गडहिंग्लजकडून आठ दिवसांसाठी आणलेला नर. आमचा नर म्हातारा झालाय, त्यामुळं माद्या लावायला ओळखीतून आणतो. भावजींचे मित्र, त्यांना पिल्लं बघायची होती, फोटो काढायचे होते. बेरीज १९ झाली. मालक गप्प झाले. आमच्या फार्मला गेट आहे याचा आम्हाला अभिमान होता. गेटातून महिन्याला १९ जण ये-जा करतात हे साडेसात हजार देईपर्यंत कुणी मोजलं नव्हतं.

रिपोर्ट १२ दिवस उशिरा आला. ३४ पानं, रंगीत, स्पायरल बाइंडिंग, सगळा इंग्रजीत. डुक्करपाळणाऱ्याला कोल्हापुरात इंग्रजीत रिपोर्ट! पुढं जाऊया.

पाचव्या पानावर नकाशा. आमचा फार्म मध्ये, आजूबाजूचे फार्म लाल, केशरी, हिरवे. सगळ्यात लाल ठिपका कोणाचा, तर पंचगंगेच्या पलीकडच्या काठावरच्या एका फार्मचा. सरळ रेषेत दीड किलोमीटर. संध्याकाळी वारा तिकडून असला की त्यांच्या डुकरांची ओरड ऐकू येते. पण मध्ये नदी आहे हो! त्यांच्याकडं जायचं तर पूल गाठून अकरा किलोमीटरचा वळसा. त्यांचा व्यापारी वेगळा, पेंड वेगळ्या दुकानातून, डॉक्टर वेगळे. दहा वर्षांत आमचं कुत्रंसुद्धा तिकडं गेलेलं नाही. आणि गडहिंग्लज, जिथून नर येतो, आठ दिवस आमच्या माद्यांत राहतो आणि परत जातो, ते साठ किलोमीटर लांब म्हणून हिरवंगार.

हे कशामुळं झालं ते सांगते, कारण हा दोष फक्त यांच्या नकाशातला नाही. फार्मा-फार्मांमधला प्रसार काढायचा तर सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे अंतर धरायचं. जवळ असेल तर शक्यता जास्त, लांब जाईल तशी कमी, एक घसरती रेघ. जिथं कोण कुणाकडं जातं याची नोंद नसते तिथं दुसरं काही हातात नसतं, म्हणून लोक अंतरच वापरतात. २००१ मध्ये इंग्लंडात लाळ्या-खुरकुताची मोठी साथ आली तेव्हा गणिती मॉडेलांच्या आधारावर रोगी फार्मला लागून असलेल्या फार्मांवरची जनावरंही मारायचं धोरण चालवलं. साथीत एकूण ६० लाखांवर जनावरं मारली गेली, आणि त्यातली किती मारायची गरज होती यावर जनावरांचे डॉक्टर आणि गणितवाले पुढं बरीच वर्षं भांडत होते. शेजार म्हणजे संपर्क, हे गृहीत धरणं कागदावर सोपं. पण डुक्कर काही सरळ रेषेत चालत नाही, ते टेम्पोत बसून जातं. आणि टेम्पो पुलावरून जातो.

इथं मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. प्रश्नावलीत त्यांनी नराची नोंद घेतली होती! पान ३१ वर, परिशिष्टात, आमचे १९ संपर्क व्यवस्थित टाईप केलेले आहेत. फक्त ते मॉडेलमध्ये घातलेले नाहीत. माहिती गोळा केली, बाजूला ठेवली, आणि गुगलवरून अंतर काढून नकाशा रंगवला. म्हणजे पाहुण्याला जेवणात काय चालतं ते नीट विचारून घ्यायचं आणि मग ताटात जे होतं तेच वाढायचं.

आता ते ७२ टक्के. रिपोर्टात एवढाच आकडा, ठळक, चौकटीत. कशावरून आला ते नाही. मी उलटं गणित केलं. साध्या मॉडेलमध्ये कळपातली डुकरं तीन ढिगांत टाकतात: अजून न लागलेली, आता रोगी असलेली, आणि संपलेली, म्हणजे मेलेली किंवा बरी झालेली. एक रोगी डुक्कर निरोगी कळपात सरासरी किती जणांना देतं, तो आकडा आर-नॉट. कोरोनात टीव्हीवर रोज ऐकलेला. आर-नॉट दीड असेल तर साथ संपेपर्यंत ५८ टक्के कळपाला लागण होते, दोन असेल तर ८० टक्के, तीन असेल तर ९४. ७२ टक्के यायला तो साधारण १.७७ लागतो. बरं, हा १.७७ कुठून आणला? एकाच कप्प्यात नाकाला नाक लावून राहणाऱ्या डुकरांचा आकडा वेगळा, मध्ये भिंत असलेल्या कप्प्यांचा त्याहून कमी, हे प्रयोगांतही दिसलेलं आहे. आमच्या शेडात कप्प्यांमध्ये भिंत नाही, लोखंडी गज आहेत, डुकरं गजांतून एकमेकांच्या तोंडाला तोंड लावतात. ही गोष्ट त्या मुलानं गमबूट घालून स्वतः बघितली. आकड्यात ती नाही.

मग मी एका रविवारी एक्सेल उघडलं. वरून खाली दिवस, तीन रकाने, एक फॉर्म्युला खाली ओढायचा, बास. ६० डुकरांच्या शेडात एक रोगी घातलं. पाच दिवस ते रोग देतं असं धरलं आणि आर-नॉट तीन. सातव्या दिवशी लागण झालेली १३ झाली. दहाव्या दिवशी २७. आणि ध्यानात घ्या, या रोगात पहिलं डुक्कर मरून आपल्याला शंका यायलाच आठवडा-दहा दिवस जातात. म्हणजे आपण डॉक्टरांना फोन करतो तेव्हा शेड जवळजवळ अर्ध्यावर गेलेलं असतं. मग संसर्गाचा वेग निम्मा केला, म्हणजे गजांच्या जागी सिमेंटची भिंत, प्रत्येक कप्प्याला वेगळं खोरं आणि वेगळी बादली. वेग निम्माच होईल हे मी धरलंय, मोजलेलं नाही. पण धरलं तर दहाव्या दिवशी २७ ऐवजी पाच. मालकांना बोलावून दाखवलं. त्यांनी गणिताकडं बघितलंच नाही, त्यांनी गवंड्याला फोन लावला.

अजून एक गंमत, जी रिपोर्टात असायला हवी होती. हे सरासरीचं मॉडेल सांगतं की आर-नॉट तीन असेल तर साथ येणारच. पण एकच रोगी डुक्कर आत आलं असेल तर नशिबाचा खेळ असतो. ते कुणाला द्यायच्या आधीच मरू शकतं. किंवा एक-दोघांना देऊन साखळी तिथंच तुटू शकते. साथ अशी आपोआप विझण्याची शक्यता साध्या मॉडेलात तीनात एक. दीड असेल तर तीनात दोन. मी एक्सेलमध्ये रॅण्डचा, म्हणजे फाशासारखा दर वेळी नवा आकडा काढणारा, फॉर्म्युला घालून २०० वेळा साथ चालवली, ६३ वेळा ती आपोआप विझली. बाकीच्या वेळी बहुतेक शेड साफ. मध्यम असं जवळजवळ काही होतच नाही. "७२ टक्के" वाचून माणसाला वाटतं चारातली तीन जातील आणि एखादं उरेल. प्रत्यक्षात एक तर एखाद-दुसरं जाणार, नाही तर शेड धुऊन निघणार. विमा किती घ्यायचा, कर्ज किती काढायचं, हे दोन वेगळे प्रश्न होतात.

या सगळ्या गणिताचं आपल्या मुंबईशी जुनं नातं आहे, हेही रिपोर्टात नाही, आणि मला तेवढं सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२७ साली कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी तीन ढिगांचं हे मॉडेल छापलं. कर्मॅक प्रयोगशाळेतल्या अपघातात आंधळे झालेले, मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये राहिलेले. मॉडेल जुळतं का ते दाखवायला त्यांनी घेतलेले आकडे म्हणजे डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले मुंबई बेटावरचे प्लेगचे मृत्यू. रेघ आकड्यांवर सुरेख बसली. पण प्लेग पसरत होता उंदीर आणि पिसवांतून, आणि समीकरणात त्यांची वेगळी जागा नव्हती. त्या दोघांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं की यातल्या अटी प्रत्यक्षात तंतोतंत पाळल्या जात नाहीत, हा ढोबळ अंदाज आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनी स्वतःच्या आकड्याखाली ही ओळ लिहिली. आमच्या चौकटीखाली नाही.

खरकट्याचं सांगायचं राहिलं. आम्ही शहरातल्या चार हॉटेलांचं खरकटं आणतो. फॉर्मवर प्रश्न: "हॉटेल वेस्ट देता का? हो / नाही." हो म्हटलं की धोका धाडकन वर. पण कोणतं हॉटेल? तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या ताटातून मटणाची हाडं येतात, त्यातून आफ्रिकन स्वाइन फीव्हर येत नाही. तो डुकराच्या मांसातून येतो. लाळ्या-खुरकूत मात्र मटणातूनही येऊ शकतो. इंग्लंडातल्या त्या २००१ च्या साथीचं मूळ डुकरांना न उकळता घातलेल्या खरकट्यातच सापडलं होतं. आमच्या चारातलं एक हॉटेल गोव्याच्या रस्त्यावरचं आहे, तिथं सॉसेज आणि बेकन नाश्त्याला असतं. तेच धोक्याचं. आणि उकळून घालता का, किती वेळ, हे विचारलंच नाही. हा विषाणू ६० अंशांवर २० मिनिटांत मरतो, आमची काहील अर्धा तास खदखदते. त्या सवयीला मॉडेलात शून्य मार्क.

महापुरालाही रकाना नाही. २०२१ च्या जुलैत पाणी चढलं तेव्हा आम्ही रात्रीत ४० डुकरं ट्रॉलीतून माळावरच्या एका ओळखीच्या शेडात नेली. तिथं आधीच दोघांची होती. सहा दिवस तीन घरांची डुकरं एका छपराखाली. वर्षभर कितीही चुना टाका, ते सहा दिवस बाकीच्या तीनशे एकोणसाठांना भारी. तसंच नाताळाच्या आधीचा महिना. गोव्याला मागणी वाढते, टेम्पो दिवसाआड येतो. वर्षाची सरासरी काढली की पूर आणि नाताळ दोन्ही तिच्यात विरघळून जातात. रानडुकरं आणि गावातली मोकाट डुकरं यांचाही उल्लेख नाही, पण ते मी माफ करते, ती मोजणार कोण.

फोन केला. पोरगा तापट निघाला नाही, ही जमेची बाजू. आधी म्हणाला, "मॅडम, सरकारी नियम अंतरावरच आहे ना, एक किलोमीटर." बरोबर आहे, कत्तलीच्या नियमाला अंतर लागतं, तेवढ्यापुरता नकाशा उपयोगी. पण नदीपलीकडचा फार्म दीड किलोमीटरवर आहे, त्या नियमातही बसत नाही, मग लाल कशाला? यावर थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, पुढच्या आवृत्तीत संपर्क घालतो, आकड्याबरोबर कमीत कमी-जास्तीत जास्त देतो, आणि मराठीत करतो. शेवटच्या पानावर सरकारी दवाखान्याचा नंबर घाला असंही मी सांगितलं. डुकरं ताप येऊन पटापट मरायला लागली, कानावर-पोटावर लाल-निळे डाग दिसले, तर कळवणं जनावरांच्या साथरोगांच्या २००९ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. ३४ पानांत ते एकदाही नाही, स्वतःचा लोगो मात्र ३४ वेळा आहे.

घ्यावं का? नकाशासाठी नको. ७२ टक्क्यांसाठी अजिबात नको. त्या तीन तासांच्या प्रश्नोत्तरांसाठी मी दोन-अडीच हजार आनंदानं दिले असते. पाचपैकी अडीच तारे, अर्धा त्यानं मुकाट गमबूट घातले म्हणून. पन्नासच्या आत डुकरं असतील तर एक शंभर पानी वही घ्या आणि गेटवर दोरीनं बांधा.

आमची बांधलीय. नर आणणं बंद केलं, स्वतःचा घेतला. टेम्पो आता रस्त्यावरच थांबतो, डुकरं आम्ही फळीवरून चढवतो. व्यापारी आठ दिवस फुगून बसला, मग आला. वही दिवसा सासूबाईंकडं असते, कारण त्या गेटाजवळच बसतात. काल रात्री बघितली. दोन ओळी होत्या: "पेंडवाला आला, भाईरच थांबीवला. लायटीचा मानूस आला, बूट घालाय दिलं तर म्हनतोय नको, मग मीच मीटर वाचून सांगिटला."